मागची शोभेची वर्तुळं अर्धा सेकंद दिसतात आणि गायब, वर आडवा स्क्रोल पण येतोय

कंसातली

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं पिकलंय म्हणून शेवटी इथे लिहितेय. एका लँडिंग पेजचं काम चालू आहे, डिझाइन फिग्मात (डिझाइन काढायचं टूल) फार छान दिसतंय, पण त्यात शोभेचं सामान खूप आहे. वर उजव्या कोपऱ्यात एक मोठं फिकट वर्तुळ, अर्धं पानाबाहेर गेलेलं, डावीकडे खाली तसंच एक लहान, हेडिंगच्या मागे ठिपक्यांची जाळी आणि पहिल्या नि दुसऱ्या सेक्शनच्या बरोबर सांध्यावर एक नागमोडी रेघ. फिग्मात काय, उचललं आणि ठेवलं. इथे सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारा कोड) एक बसवलं की दुसरं उठतं.

मी केलं असं की सेक्शनला पोझिशन रिलेटिव्ह, मोठं वर्तुळ बिफोरवर, लहान आफ्टरवर (सीएसएसने सेक्शनला जोडता येणारे दोन जादा तुकडे), दोघांना ॲब्सोल्यूट आणि झेड-इंडेक्स वजा एक, म्हणजे मजकुराच्या मागे जातील असा माझा समज. आता भानगडी बघा.

पान उघडलं की वर्तुळं दिसतात, साधारण अर्धा सेकंद, आणि मग गायब! आधी वाटलं भास होतोय, मग स्क्रीन रेकॉर्ड करून हळू चालवून बघितलं, खरंच दिसतात आणि जातात. डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधलं पान तपासायचं साधन) एलिमेंट आहे, निळी चौकट बरोबर जागेवर येते, फक्त रंग दिसत नाही. झेड-इंडेक्स एक केला तर दिसतात पण मग मजकुरावर चढतात, आणि "नोंदणी करा" बटणाच्या उजव्या अर्ध्या भागावर क्लिकच लागत नाही.

दुसरं म्हणजे मोबाईलवर पान बोटाने आडवं सरकतं. उजवं वर्तुळ काढलं की थांबतं. पण डावं पण तेवढंच बाहेर आहे की, त्याने काहीच होत नाही, हे कसं काय?

तिसरं, आडव्या स्क्रोलसाठी जुन्या प्रोजेक्टमधून एक ओळ उचलून लावली, एचटीएमएल आणि बॉडी दोघांना ओव्हरफ्लो-एक्स हिडन. स्क्रोल गेला, पण वरचा स्टिकी मेनू, म्हणजे स्क्रोल केलं तरी वर चिकटून राहणारा, चिकटायचा बंद झाला. एक भोक बुजवलं तर दुसरीकडून गळतंय. कुणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, नुसतं "हे पेस्ट कर" नको, कारण ते मी दोन दिवस करतेच आहे.

घाईगडबड

झेड-इंडेक्स ९९९९ देऊन बघ मजकुराला. आमच्याकडे तेच करतो, चालतं.

कंसातली

दिलं होतं. मजकूर वर आला, मग ड्रॉपडाउन मेनू त्या मजकुराच्या खाली गेला, मग मेनूला ९९९९९ दिलं. आता पॉपअप यायचाय अजून, त्याला किती नऊ देऊ?

जुनंखोड

नऊ वाढवू नका, त्याला अंत नाही. आधी एक सांगा, त्या सेक्शनवर हळूच उमटण्याचा इफेक्ट लावलाय का? म्हणजे पान उघडलं की ओपॅसिटी शून्यावरून (पूर्ण पारदर्शक) एकवर, ट्रान्झिशनने?

कंसातली

हो! सगळ्याच सेक्शनवर आहे, स्क्रिप्टने क्लास लागतो आणि अर्ध्या सेकंदात उमटतं. तुम्हाला कसं कळलं, मी तर लिहिलंच नव्हतं.

जुनंखोड

कारण "अर्धा सेकंद दिसतं आणि जातं" हे त्याचंच लक्षण आहे, मी स्वतः त्यात एक आख्खी संध्याकाळ घालवली आहे. जरा लांब लिहितो, पण एकदा हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

बहुतेकांना वाटतं झेड-इंडेक्स म्हणजे आख्ख्या पानाचा एकच नंबर, मोठा तो वर, लहान तो खाली. तसं नाहीये. ब्राउझर पान रंगवताना गठ्ठे करतो, त्याला स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट म्हणतात, मी गठ्ठाच म्हणतो. एका गठ्ठ्यातल्या वस्तू आपापसात वरखाली होतात, पण गठ्ठा सोडून बाहेर कुणी जात नाही. सगळ्यात मोठा गठ्ठा एचटीएमएलचा. आणि प्रत्येक गठ्ठ्यात रंगवायचा क्रम ठरलेला आहे, सीएसएस २.१ च्या स्पेसिफिकेशनमध्ये परिशिष्ट ई मध्ये दिलाय. सगळ्यात आधी गठ्ठ्याच्या मालकाचा स्वतःचा बॅकग्राउंड, मग वजा झेड-इंडेक्सवाले, मग साधे ब्लॉक त्यांच्या रंगांसकट, मग फ्लोट, मग मजकूर, मग पोझिशन दिलेले पण झेड-इंडेक्स ऑटो किंवा शून्य असलेले, आणि शेवटी अधिकवाले.

आता तुमचा सेक्शन. रिलेटिव्ह आहे पण झेड-इंडेक्स दिलेला नाही, म्हणून तो गठ्ठ्याचा मालक नाही. मग त्याच्यातलं वजा एकचं वर्तुळ कुणाच्या गठ्ठ्यात मोजलं जाणार? वरच्या, म्हणजे एचटीएमएलच्या. तिथे वजावाल्यांचा नंबर लवकर लागतो, वर्तुळ रंगवून होतं, आणि मग सेक्शनची पाळी येते, तो आपला पांढरा रंग वरून फासतो. वर्तुळ आहे जागच्या जागी, पण रंगाखाली गाडलं गेलंय, म्हणून निळी चौकट दिसते आणि वर्तुळ दिसत नाही.

आणि अर्ध्या सेकंदाचं कोडं. ओपॅसिटी एकपेक्षा कमी असली की ते एलिमेंट आपोआप गठ्ठ्याचं मालक होतं. ट्रान्झिशन चालू आहे तोवर सेक्शन मालक, म्हणून आधी त्याचा पांढरा रंग, मग वजा एकचं वर्तुळ, मग मजकूर, म्हणजे तुम्हाला हवं तस्संच. ट्रान्झिशन संपलं, ओपॅसिटी पूर्ण एक झाली, मालकी गेली, वर्तुळ परत वरच्या गठ्ठ्यात जाऊन रंगाखाली. ट्रान्सफॉर्म आणि फिल्टर पण हेच करतात, म्हणून होव्हरवर कार्ड जरा मोठं केलं की मागचं डिझाइन टुणकन वर येतं असं पण पुष्कळदा दिसतं.

उपाय एका ओळीचा आहे. सेक्शनला आयसोलेशन आयसोलेट द्या. त्या प्रॉपर्टीचं काम मालकी देणं एवढंच, बाकी काही हलत नाही. रिलेटिव्हबरोबर झेड-इंडेक्स शून्य दिलं तरी तोच परिणाम होतो, पण सहा महिन्यांनी कुणीतरी "हे शून्य कशाला" म्हणून काढून टाकतं, आयसोलेट वाचलं की निदान हेतू कळतो.

वर्तुळांना पॉइंटर-इव्हेंट्स नन पण द्या. मजकुराच्या मागे गेली की बटण आपोआप सुटेल, पण शोभेच्या वस्तूने क्लिक खाऊच नये, ते वेगळं लिहिलेलं बरं.

कंसातली

झालं!! दिसतंय, टिकतंय, बटण पण लागतंय. आयसोलेट हा शब्द मी आजवर वाचलाच नव्हता.

पण एक शंका, मी आधी एका रिकाम्या चाचणी पानावर हेच करून बघितलं होतं, आयसोलेट वगैरे काही नाही, बॉडीला क्रीम रंग आणि त्यात वजा एकचं वर्तुळ, आणि ते व्यवस्थित दिसत होतं. मग नंतर कधीतरी तिथेही गायब झालं. बॉडी पण मालक नाही ना?

जुनंखोड

नाही. पण बॉडीची एक खास सवलत आहे. एचटीएमएलला स्वतःचा बॅकग्राउंड नसेल तर ब्राउझर बॉडीचा रंग उचलून आख्ख्या कॅनव्हासला लावतो, सगळ्यांच्या तळाशी. मग बॉडीच्या चौकटीला रंग उरतच नाही आणि वजा एकवालं दिसतं. ज्या दिवशी कुणी एचटीएमएलला पण रंग देतो, बहुतेक वेळा डार्क मोड टाकताना, त्या दिवशी बॉडीचा रंग परत बॉडीवर बसतो आणि वर्तुळ झाकतो. तुमच्या चाचणी पानात नंतर एचटीएमएलला रंग दिला गेलाय का बघा.

कंसातली

दिला गेलाय. डार्क मोडच. आता मला जरा भीती वाटायला लागलीये तुमची.

रात्रपाळी

स्क्रोलचं कुणी घेतलं नाही अजून, मी घेतो.

डावं आणि उजवं यातला फरक: डावीकडून उजवीकडे लिहिल्या जाणाऱ्या पानात ब्राउझर फक्त उजवीकडे आणि खाली बाहेर गेलेली गोष्ट "स्क्रोल करून बघण्यासारखी" धरतो. डावीकडे नि वर बाहेर गेलेलं नुसतं कापलं जातं, तिथे जाताच येत नाही. म्हणून डावं वर्तुळ कितीही बाहेर न्या, गप्प बसेल. उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषेत पान केलं की हे बरोबर उलटं होतं, तेव्हा डावीकडचं त्रास देतं.

आता मेनू. ओव्हरफ्लो-एक्स हिडन नुसतं बॉडीला दिलं असतं तर ब्राउझर ते बॉडीकडून घेऊन आख्ख्या व्ह्यूपोर्टला (पान दिसतं ती खिडकी) लावतो, बॉडी स्वतः साधी राहते, स्टिकी सहसा चालू राहतं. पण तुम्ही दोघांना दिलंत. मग एचटीएमएलचं व्ह्यूपोर्टला जातं आणि बॉडीचं बॉडीवरच राहतं. आणि एका दिशेला हिडन दिलं की दुसरी दिशा व्हिजिबल राहू शकत नाही, ती आपोआप ऑटो होते, म्हणजे बॉडी स्वतःच एक स्क्रोल होणारी पेटी बनली. स्टिकी नेहमी सगळ्यात जवळच्या स्क्रोल पेटीला धरून चिकटतं, ती पेटी आता बॉडी, पण बॉडी स्वतः कधी स्क्रोल होतच नाही, तिची उंची आतल्या मजकुराएवढी आहे, स्क्रोल होतंय बाहेरचं व्ह्यूपोर्ट. मेनू बिचारा अशा पेटीत वाट बघत बसलाय जी कधी हलणारच नाही. ती ओळ इतक्या ठिकाणी पेस्ट झालेली दिसते की स्टिकी चालत नाही म्हटलं की मी आधी तीच शोधतो.

पण खरं म्हणजे बॉडीला हात लावायचंच कारण नाही, जखम पायाला आणि पट्टी डोक्याला असं आहे ते. बाहेर जातंय वर्तुळ, तर वर्तुळालाच कोंडा. सेक्शनच्या आत सगळ्यात आधी एक रिकामा डिव्ह, त्याला ॲब्सोल्यूट, इनसेट शून्य म्हणजे चारी बाजूंना चिकटला, ओव्हरफ्लो हिडन, झेड-इंडेक्स वजा एक, पॉइंटर-इव्हेंट्स नन. सगळं शोभेचं सामान या डिव्हमध्ये. सेक्शनला रिलेटिव्ह आणि आयसोलेट. आता ओव्हरफ्लो फक्त सजावटीच्या पेटीला आहे, मजकूर आणि मेनू तिच्या बाहेर, त्यामुळे स्टिकीला कळतही नाही. बिफोर-आफ्टरला दोनची मर्यादा होती ती पण गेली, कितीही तुकडे टाका.

जादा डिव्ह नको असेल तर सेक्शनलाच ओव्हरफ्लो क्लिप द्या. क्लिप हिडनसारखंच कापतं पण स्क्रोलची पेटी बनवत नाही, आणि एका दिशेला क्लिप, दुसरीकडे व्हिजिबल हे पण चालतं, जे हिडनला जमत नाही. क्रोम ९० पासून आहे, फायरफॉक्स ८१ पासून, सफारीत १६ पासून म्हणजे २०२२ पासून. फार जुने आयफोन धरायचे असतील तर डिव्हवाली पद्धत बरी.

आणि वर्तुळ अर्धं बाहेर ठेवायला वजा १८७ पिक्सेल असले आकडे देऊ नका, फोनवर गणित बिघडतं. राइट शून्य द्या आणि ट्रान्सलेटने ५० टक्के उजवीकडे ढकला. ट्रान्सलेटचे टक्के वर्तुळाच्या स्वतःच्या मापाचे असतात, म्हणून ते कितीही लहानमोठं झालं तरी अर्धंच बाहेर राहतं. माप क्लॅम्पने, कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं, मध्ये व्ह्यूपोर्टच्या रुंदीच्या टक्क्यात. फक्त लक्षात ठेवा, ट्रान्सलेटने बाहेर गेलेलं पण आडव्या स्क्रोलमध्ये धरलं जातं, म्हणून कोंडवाडा लागतोच.

घाईगडबड

रुंदीला १०० व्हीडब्ल्यू (व्ह्यूपोर्टच्या रुंदीचे टक्के) दिलं असेल कुठेतरी, ते पण बघ. आमच्याकडे डेस्कटॉपवर त्याने आडवा स्क्रोल यायचा.

रात्रपाळी

हे मात्र बरोबर बोललास. १०० व्हीडब्ल्यूमध्ये उभ्या स्क्रोलबारची जागा पण धरलेली असते, त्यामुळे ज्या संगणकावर स्क्रोलबार कायम दिसतो तिथे तेवढे १५-१७ पिक्सेल जास्त होतात. फोनवर स्क्रोलबार तरंगता असतो म्हणून तिथे कळत नाही. सेक्शन पूर्ण रुंद आहे तर साधं १०० टक्के द्या.

गुन्हेगार सापडत नसेल तर फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये स्क्रोल होणाऱ्या एलिमेंटपुढे एक छोटा बिल्ला दिसतो, त्यावर क्लिक केलं की कोण बाहेर डोकावतंय ते दाखवतो. किंवा सरळ सगळ्या एलिमेंटना लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, बॉर्डरने मापं बदलतात, आउटलाइन जागा खात नाही.

रेघोट्या

सगळं ठीक आहे पण एवढा खटाटोप कशासाठी करताय मला कळत नाही. नुसती सजावट आहे ना, मग साधं बॅकग्राउंड-इमेज का नाही वापरत? एका सेक्शनला स्वल्पविराम देऊन हव्या तितक्या इमेज लावता येतात, यादीत पहिली ती सगळ्यात वर, रंग सगळ्यांच्या खाली. सेक्शनच्या बॅकग्राउंडची इमेज मजकुराच्या मागेच असते, ना झेड-इंडेक्स ना गठ्ठे. क्लिक खात नाही. स्क्रीन रीडर वाचत नाही. आणि चौकटीबाहेरचं आपोआप कापलं जातं म्हणून आडवा स्क्रोल येऊच शकत नाही. तुझ्या तीनही तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

जागेसाठी चार शब्दांची पद्धत वापर, राइट ४० पिक्सेल बॉटम २० पिक्सेल असं लिहिलं की उजव्या कडेपासून ४० आत, खालून २० वर. वजा दिलं की तेवढं बाहेर जाऊन कापलं जाईल, तुला अर्धं वर्तुळ हवंय ना, तेच.

फक्त टक्क्यांचा एक घोळ आहे, त्यात मी स्वतः बराच काळ फसले. ॲब्सोल्यूटमध्ये लेफ्ट २५ टक्के म्हणजे पेटीच्या रुंदीचे २५ टक्के. बॅकग्राउंड-पोझिशनमध्ये तसं नाही, तिथे पेटीतून इमेज वजा करून जी मोकळी जागा उरते तिचे टक्के. पेटी १००० पिक्सेल, इमेज २००, तर २५ टक्के म्हणजे ८०० चे २५ टक्के, २०० पिक्सेल, २५० नाही. म्हणूनच १०० टक्के दिलं की इमेज बाहेर न जाता उजव्या कडेला नेमकी टेकते. आणि इमेज पेटीएवढीच रुंद असेल तर मोकळी जागा शून्य, मग कितीही टक्के द्या, ती आडवी इंचभर हलणार नाही. "पोझिशन काम करत नाही" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे याच खड्ड्यात असतात.

कंसातली

अरे हे तर भारी. ठिपक्यांची जाळी लगेच अशी केली, रेडियल ग्रेडियंट आणि बॅकग्राउंड-साइज २४ पिक्सेल, इमेज फाइलसुद्धा लागली नाही. पण मोठं वर्तुळ हळूच तरंगताना दाखवायचंय, ते बॅकग्राउंडमध्ये जमेल का?

रेघोट्या

जमेल पण नको. बॅकग्राउंड-पोझिशन ॲनिमेट केलं की दर फ्रेमला परत रंगवावं लागतं, साध्या फोनवर अडखळतं. जे हलणार ते वेगळं एलिमेंट आणि ट्रान्सफॉर्मने हलव, टॉप-लेफ्टने नाही. जे नुसतं बसणार ते बॅकग्राउंड. मी अशीच वाटणी करते.

कंसातली

ठीक. आता ती नागमोडी रेघ. तिचा अर्धा भाग पहिल्या सेक्शनमध्ये, अर्धा दुसऱ्यात, पहिला पांढरा, दुसरा क्रीम. पहिल्यात ठेवली तर खालचा अर्धा भाग दुसऱ्याच्या क्रीम रंगाखाली जातो. दुसऱ्यात ठेवून वर ढकलली तर दिसते पूर्ण, पण पहिल्या सेक्शनच्या शेवटच्या परिच्छेदावर चढते. मी प्रत्येक सेक्शनला आयसोलेट दिलंय हो, जुनंखोड म्हणाले तसं.

जुनंखोड

इथे माझाच सल्ला आड येतोय, ते मान्य. आयसोलेट दिलं म्हणजे प्रत्येक सेक्शन बंद गठ्ठा झाला. दोन बंद गठ्ठ्यांमध्ये एक तर हा आख्खा वर नाहीतर तो आख्खा वर. तुम्हाला हवंय दोघांचे रंग खाली, मध्ये रेघ, दोघांचा मजकूर वर. ते दोन गठ्ठ्यांत अशक्य आहे, कितीही आकडे द्या.

म्हणून गठ्ठा एकच करा. दोन्ही सेक्शनचा जो बाप आहे, समजा मेन, त्याला आयसोलेट द्या आणि सेक्शनचं काढा. सेक्शन नुसते रिलेटिव्ह, झेड-इंडेक्स काही नाही. सेक्शनचा रंग सेक्शनवर ठेवू नका, त्याच्या बिफोरवर न्या, कंटेंट रिकामं, ॲब्सोल्यूट, इनसेट शून्य, झेड-इंडेक्स वजा दोन. सजावट सगळी वजा एक. मजकुराला काहीच द्यायचं नाही. झाले तीन थर, आणि तिन्ही मेनच्या एकाच गठ्ठ्यात, त्यामुळे सांधा कुठे आहे याने फरक पडत नाही. रेघ दुसऱ्या सेक्शनमध्ये ठेवा, टॉप शून्य, ट्रान्सलेटने स्वतःच्या निम्म्या उंचीएवढी वर. ती कोंडवाड्याच्या डिव्हमध्ये टाकू नका, तो वरून कापेल. रेघ आडवी बाहेर जात असेल तर मेनला ओव्हरफ्लो-एक्स क्लिप.

फक्त एक अट आहे. सेक्शन चुकूनही गठ्ठ्याचा मालक होता कामा नये. आणि तुमच्याकडे सेक्शनवर ओपॅसिटीचं ट्रान्झिशन आहे.

कंसातली

म्हणजे परत अर्ध्या सेकंदाचा खेळ.

जुनंखोड

हो, आणि या वेळी उलटा. उमटताना दुसरा सेक्शन मालक होईल, रेघ त्याच्याबरोबर वर येऊन परिच्छेदावर चढेल, संपलं की खाली जाईल. तो इफेक्ट सेक्शनवरून काढून आतल्या मजकुराच्या डिव्हवर लावा. दिसायला फरक नाही, उलट रंगाचा पट्टा जागेवर राहून मजकूर उमटतो ते जास्त बरं वाटतं. आणखी एक, सेक्शनला विल-चेंज ओपॅसिटी किंवा विल-चेंज ट्रान्सफॉर्म कुणी "वेग वाढेल" म्हणून लावलं असेल तर ते पण काढा. त्यानेही मालकी मिळते, ट्रान्झिशन चालू नसलं तरी.

अर्धविराम

मी उशिरा आले पण दोन गोष्टी कुणी बोललं नाही.

ते मोठं फिकट वर्तुळ फिकट कशाने केलंय? फिल्टर ब्लर १०० पिक्सेल असेल आणि वर ते तरंगणार असेल तर स्वस्तातल्या फोनवर नक्की टेकेल, एवढ्या मोठ्या भागावरचा ब्लर महाग असतो. कडा विरघळलेलं वर्तुळच हवंय तर रेडियल ग्रेडियंट, मधे रंग, कडेला पारदर्शक, दिसायला जवळपास तेच. अगदी फिकट रंगात कधीकधी पट्टे दिसतात, तेवढं तपासा, फार खटकलं तर तयार इमेज वापरा.

दुसरं, हालचाल. काही लोकांना अशा तरंगण्याने गरगरतं, त्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याचं सेटिंग चालू ठेवलेलं असतं. प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशनच्या मीडिया क्वेरीत ॲनिमेशन बंद करा, चार ओळींचं काम आहे. डब्ल्यूसीएजीचा (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची नियमावली) नियम तर असाय की आपोआप सुरू होणारी, इतर मजकुराशेजारी ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवायची सोय हवी. अखंड तरंगणारं वर्तुळ त्यात येतं असं मी धरते. माझं मत विचाराल तर एकदा हळूच येऊन थांबू दे, कायम हलणाऱ्या वस्तूशेजारी वाचवत नाही.

सजावट इमेज टॅगने टाकली असेल तर ऑल्ट ॲट्रिब्यूट (चित्राचं वर्णन लिहायची जागा) लिहा पण रिकामा ठेवा. लिहिलाच नाही तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतात, "ब्लॉब अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर टू" असलं ऐकायला कुणाला आवडेल. पानात थेट लिहिलेल्या एसव्हीजीला (कोडने काढलेलं चित्र) ॲरिया-हिडन ट्रू, म्हणजे स्क्रीन रीडर ते सोडून देतो. आणि फोनवर मजकूर कुठे सरकतो सांगता येत नाही, म्हणून वर्तुळाच्या रंगावर मजकुराचा कॉन्ट्रास्ट मोजा, साध्या मजकुराला ४.५ ला १ लागतो. पांढऱ्यावर पास होणारा राखाडी रंग जांभळट वर्तुळावर नापास होतो, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं.

कंसातली

मोजला. नापास. ४.१ आला. वर्तुळ अजून फिकट केलं, डिझायनरला कळवलंय.

तर आता अवस्था अशी: ठिपके बॅकग्राउंडमध्ये, दोन्ही वर्तुळं पहिल्या सेक्शनच्या कोंडवाड्यात, रेघ दुसऱ्या सेक्शनमध्ये बाहेर, रंग वजा दोन, सजावट वजा एक, आयसोलेट फक्त मेनला, उमटणं आतल्या डिव्हवर, ब्लर काढून ग्रेडियंट. बॉडीवरचं आणि एचटीएमएलवरचं हिडन दोन्ही उडवलं, मेनू परत चिकटतोय. सगळे नऊ पण काढले, ड्रॉपडाउनला आता झेड-इंडेक्स दोन आहे आणि तो निमूट चालतोय.

मधे एकदा दुसऱ्या सेक्शनचा क्रीम रंगच दिसेना, वीस मिनिटं गठ्ठे तपासले, मग लक्षात आलं बिफोरला कंटेंट लिहायचंच राहिलं होतं. कुणाला सांगू नका.

एक शेवटचं: क्लायंटला पानाची प्रिंट पण लागते म्हणे. प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये रंग आणि ठिपके गेलेत पण रेघ आणि लहान वर्तुळ येतंय, मोठं येत नाही. असं का?

रात्रपाळी

बॅकग्राउंड ब्राउझर मुळातच छापत नाही, वापरणाऱ्याने चालू केल्याशिवाय, म्हणून रंग, ठिपके आणि ग्रेडियंटचं मोठं वर्तुळ गेलं. रेघ एसव्हीजी आहे आणि लहान वर्तुळ बहुतेक इमेज टॅगने टाकलंय, ते ब्राउझरच्या लेखी मजकुराइतकंच खरं. मीडिया प्रिंटमध्ये सगळ्या सजावटीला डिस्प्ले नन.

कंसातली

हो, लहान वर्तुळ इमेज टॅगच आहे. आणि ऑल्ट नाहीये त्याला. टाकते.